एचआयव्हीवरचं संशोधन, पेपर आणि सायटेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. थिसिसच्या सीझनला रेसिडेंट येतात, एआरटी सेंटरवरचे (एआरटी म्हणजे एचआयव्हीचा औषधोपचार) काउन्सेलर येतात, कधीतरी एखाद्या पेशंटचा शिकलेला मुलगा येतो, आणि प्रश्न साधारण तेच असतात. दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहून काढावं.

सायटेशन म्हणजे नक्की काय हो?

तुम्ही पेपर लिहिता, शेवटी संदर्भांची यादी देता, त्या यादीतल्या प्रत्येक जुन्या पेपरच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं. बस एवढंच. ते कौतुक म्हणून दिलंय, टीका करायला दिलंय की गाईडनी सांगितलं म्हणून टाकलंय हे मोजणाऱ्या कॉम्प्युटरला कळत नाही, त्याच्यासाठी सगळे सारखेच. हे डोक्यात पक्कं ठेवा कारण पुढचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

इम्पॅक्ट फॅक्टर कसा काढतात?

तो जर्नलचा असतो, पेपरचा नाही आणि लेखकाचा तर नाहीच नाही. समजा एका जर्नलने २०२२ मध्ये १०० आणि २०२३ मध्ये १२० पेपर छापले, आणि २०२४ या वर्षात जगभरातल्या पेपरांनी त्या २२० पेपरांचा मिळून १,१०० वेळा संदर्भ दिला, तर १,१०० भागिले २२० म्हणजे ५, हा झाला त्या जर्नलचा २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर. यूजीन गारफील्ड नावाच्या माणसाची ही कल्पना, १९५५ साली त्यांनी ती पहिल्यांदा मांडली, आणि त्यामागचा एक मोठा उद्देश हा होता की लायब्ररीने कोणती जर्नल्स घ्यावीत हे ठरवायला मदत व्हावी. म्हणजे हे माझ्यासारख्या लायब्ररीवाल्यांचं हत्यार आहे, डॉक्टरांची लायकी मोजायचं नाही. आज ते आकडे क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते.

यात एक फट आहे. भागाकाराच्या खाली फक्त मूळ संशोधन आणि रिव्ह्यू (म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे पेपर) धरतात, संपादकीय किंवा पत्रं धरत नाहीत, पण वर मात्र त्यांना मिळालेली सायटेशन्ससुद्धा येतात. शिवाय हे सरासरी आहे, आणि सरासरी फसवी असते, दोन-तीन पेपर शेकडो सायटेशन खेचतात आणि बाकीचे बरेचसे तीन-चारवर अडकतात.

एचआयव्हीची मुख्य जर्नल्स कोणती?

'एड्स' हे १९८७ पासूनचं, इंटरनॅशनल एड्स सोसायटीचं. 'जेएड्स' त्याच्या पाठोपाठ १९८८ चं. 'एचआयव्ही मेडिसिन' १९९९ मध्ये सुरू झालं, ते ब्रिटिश एचआयव्ही असोसिएशन आणि युरोपियन एड्स क्लिनिकल सोसायटीचं, रोजच्या ओपीडीतल्या प्रश्नांसाठी मला ते सगळ्यात कामाचं वाटतं. २०१४ पासून 'लॅन्सेट एचआयव्ही' आलं आणि थेट वरच जाऊन बसलं. वागणूक, समाज, कलंक असल्या विषयांना 'एड्स अँड बिहेवियर' आणि 'एड्स केअर'. आणि इंटरनॅशनल एड्स सोसायटीचंच दुसरं एक पूर्ण ओपन ॲक्सेस, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणारं, जर्नल आहे, 'जियास' म्हणतात त्याला.

'लॅन्सेट एचआयव्ही'चा इम्पॅक्ट फॅक्टर सहसा दहाच्या वर असतो, 'एचआयव्ही मेडिसिन'चा तीनच्या आसपास. म्हणून दुसरं चौपट खराब असं नाही, पहिलं फार थोडे पेपर घेतं आणि जगभराचे आकडे असलेले मोठे अभ्यास छापतं, ज्यांचा संदर्भ प्रत्येकाला प्रस्तावनेत द्यावाच लागतो.

मग मोठे शोध या जर्नल्समध्ये का सापडत नाहीत?

कारण ते 'सायन्स', 'न्यू इंग्लंड जर्नल' आणि 'लॅन्सेट'मध्ये जातात. व्हायरस सापडल्याचा पेपर मे १९८३ च्या 'सायन्स'मध्ये, फ्रान्स्वाज बारे-सिनूसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या टीमचा, त्या दोघांना २००८ ला नोबेल मिळालं. आईकडून बाळाला होणारी लागण एझेडटी या औषधाने २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आली हे १९९४ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये. खास एचआयव्हीच्या जर्नल्समध्ये त्यानंतरचं काम असतं, म्हणजे तीच गोष्ट गरीब देशात कशी करायची, कोणाला साईड इफेक्ट होतात, लोक गोळ्या का सोडतात. मला विचाराल तर पेशंटच्या रोजच्या आयुष्याच्या जवळचं काम हेच.

विषय कसे बदलत गेले? थिसिसच्या प्रस्तावनेत लिहायचंय.

सुरुवात ५ जून १९८१. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या साप्ताहिकात एक छोटीशी नोंद आली, लॉस एंजेलिसमधले पाच तरुण, आधी चांगले धडधाकट, सगळ्यांना न्यूमोसिस्टिस नावाचा दुर्मीळ न्यूमोनिया, आणि नोंद छापेपर्यंत त्यातले दोघं गेलेले. कुठल्या मोठ्या जर्नलमध्ये नाही, सरकारी साप्ताहिकात. तिथून पुढची काही वर्षं नुसती वर्णनंच, कारण हातात दुसरं काही नव्हतंच, कोणाला होतोय, कसा होतोय, किती दिवसांत माणूस जातोय. 'एचआयव्ही' हे नाव पण १९८६ चं, त्याआधीचे पेपर शोधताना 'एलएव्ही' आणि 'एचटीएलव्ही-३' अशी याच व्हायरसची जुनी नावं टाका नाहीतर सर्चमध्ये निम्मं साहित्य सुटेल.

मग १९८७ ला एझेडटी, आणि नव्वदच्या दशकात औषधांचा पूर. १९९६ हे वळणाचं वर्ष, तीन औषधं एकत्र दिली की व्हायरल लोड (रक्तातलं व्हायरसचं प्रमाण) खाली जातो आणि खालीच राहतो हे कळलं, आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दवाखान्यांमधला डेटा छापून आला की मृत्यू खरोखरच घसरलेत. तो पेपर आजही सायटेशनच्या यादीत वर सापडतो.

२००० नंतर प्रश्न बदलला, औषध आहे पण परवडतं कोणाला. वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर लागायचे. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसुफ हमीद यांनी दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी दराने तिन्ही औषधं देऊ असं जाहीर केलं. त्यानंतर आफ्रिकेतून, भारतातून पेपर यायला लागले, कारण उपचार घेणारे लोकच तेव्हा तयार झाले ना. आपल्याकडे सरकारी फुकट एआरटी १ एप्रिल २००४ पासून. औषधाचा दर पडला म्हणून संशोधनाचा विषयच तयार झाला ही गोष्ट सायटेशनच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, आणि ती दिसायला हवी असं मला फार वाटतं.

२०१० नंतर प्रतिबंध. गोळी घेऊन लागण टाळता येते, उपचार म्हणजेच प्रतिबंध, वगैरे. आणि आत्ता जे चाललंय त्याचे दोन प्रवाह दिसतात. एक, लांब पल्ल्याची इंजेक्शनं. २०२४ मध्ये लेनाकापाविर या लागण टाळणाऱ्या औषधाचा पर्पज-१ अभ्यास आला, दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या मुली आणि तरुण बायका, सहा महिन्यांतून एक इंजेक्शन, आणि इंजेक्शन मिळालेल्या २,१३४ जणींपैकी एकीलाही लागण नाही. शून्य. मी आकडा दोनदा वाचला होता. दुसरा प्रवाह म्हणजे म्हातारपण. एचआयव्ही असलेली माणसं आता साठी-सत्तरी गाठतायत, त्यामुळे हार्ट, किडनी, हाडं, डिप्रेशन यावरचे पेपर वाढले. २०२३ चा रिप्राईव्ह अभ्यास ७,७६९ लोकांवरचा, त्यात स्टॅटिनमुळे (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) हार्टचे मोठे प्रॉब्लेम ३५ टक्क्यांनी कमी झाले. चाळीस वर्षांपूर्वी जो आजार तरुणांना न्यायचा त्याच्या जर्नलमध्ये आता कोलेस्टेरॉलची चर्चा चालते.

एचआयव्हीच्या जर्नल्सचे इम्पॅक्ट फॅक्टर खाली येतायत, म्हणजे विषय संपला का?

विषय संपला नाही. २०२४ मध्ये जगात साधारण ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्या एका वर्षात ६ लाख ३० हजार लोक एड्सशी संबंधित आजारांनी गेले. पण 'एड्स' जर्नलचा फॅक्टर २०१० च्या सुमारास सहाच्या आसपास होता, आता तो तीन-चारमध्ये असतो, हे खरंय. कारणं बरीच आहेत, मोठे पेपर इतर जर्नल्सकडे जातात, नवी जर्नल्स आली म्हणून वाटणी झाली, आणि नवे शोधनिबंध पूर्वीसारखे धक्कादायक नसतात. मध्ये कोविडने सगळ्यांचे आकडे हलवले, २०२०-२१ मध्ये संसर्गजन्य रोगांच्या कितीतरी जर्नल्सचे फॅक्टर फुगले आणि नंतर उतरले, त्यामुळे त्या दोन वर्षांशी तुलना करून निष्कर्ष काढू नका.

सगळ्यात जास्त सायटेशन कोणत्या पेपरला मिळतात?

गाईडलाईन आणि रिव्ह्यू. एचआयव्हीत तर हे फारच ठळक आहे, 'एचआयव्ही मेडिसिन'मध्ये युरोपियन गाईडलाईन छापून आली की त्या अंकाची सायटेशन्स वेगळीच उठून दिसतात. त्यानंतर मोठ्या क्लिनिकल ट्रायल, मग जगभराच्या आकडेवारीचे अभ्यास. केस रिपोर्टला सहसा फार काही मिळत नाही. अपवाद आहे, २००९ चा बर्लिन पेशंटचा रिपोर्ट, एकाच माणसाची गोष्ट, बोनमॅरो ट्रान्सप्लांटनंतर व्हायरस दिसेनासा झाला, आणि त्यावर 'बरा करणं' हे अख्खं संशोधनाचं क्षेत्र उभं राहिलं.

पण जास्त सायटेशन म्हणजे पेपर चांगला, असंच ना?

नाही. पीटर ड्युसबर्गचं उदाहरण घ्या. नावाजलेला शास्त्रज्ञ, १९८७ मध्ये त्याने एका प्रतिष्ठित कॅन्सरच्या जर्नलमध्ये लिहिलं की हा व्हायरस एड्सचं कारण नाही. त्या पेपरला भरपूर सायटेशन्स आहेत आणि त्यातली कितीतरी त्याला खोडून काढणाऱ्यांची आहेत. आकड्यात ते दिसत नाही. पुढे दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी यांनी २००० साली जी सल्लागार समिती नेमली तिच्यात ड्युसबर्ग होता, आणि सरकारने औषधं द्यायला उशीर लावला. त्याच वर्षी पाच हजारांहून जास्त शास्त्रज्ञ आणि डॉक्टरांनी डर्बन जाहीरनाम्यावर सह्या केल्या, की एड्स एचआयव्हीमुळेच होतो. २००८ मध्ये 'जेएड्स'मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा हिशोब छापून आला की त्या उशिरामुळे ३ लाख ३० हजारांहून जास्त जीव गेले. म्हणून मी रेसिडेंटना सांगते, बाबांनो सायटेशन मोजण्याआधी ते कोणत्या वाक्यात दिलंय ते उघडून बघा.

यात पुण्याचं किंवा महाराष्ट्राचं काही आहे का?

या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी लांबवते, कारण आपल्या मुलांना हे माहीतच नसतं.

देशात एचआयव्हीसह जगणारे सर्वात जास्त लोक महाराष्ट्रात आहेत, आणि पुण्याला भोसरीत १९९२ पासून एड्स संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिचं नाव आता बदललंय पण आधी सगळे तिला 'नारी' म्हणायचे. तिथल्या डॉ. रमण गंगाखेडकरांचं नाव तुम्हाला कोविडच्या टीव्हीवरच्या पत्रकार परिषदांमुळे माहीत असेल. १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. पुण्याच्या गुप्तरोगाच्या ओपीडीत येणाऱ्या बायका. त्यातल्या ज्या सेक्स वर्कर नव्हत्या त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण निघालं १३.६ टक्के. या बहुतेक लग्न झालेल्या बायका होत्या, नवऱ्याशिवाय दुसरा कोणी नाही, आणि धोका होता तो नवऱ्याकडून. तोपर्यंत सगळा भर 'हाय रिस्क ग्रुप'वर होता, घरातल्या बाईला कोणी विचारतच नव्हतं. हा पेपर वाचताना प्रत्येक टक्क्यामागे आपल्याच गल्लीतली कोणीतरी वहिनी, कोणीतरी मावशी आहे हे विसरता येत नाही, निदान मला येत नाही.

मग २०११ चा एचपीटीएन-०५२ हा अभ्यास. नऊ देश, १,७६३ जोडपी, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. ज्यांना लगेच औषध सुरू केलं त्यांच्याकडून जोडीदाराला लागण ९६ टक्क्यांनी कमी. जोडीदाराकडूनच झाली हे सिद्ध झालेल्या २८ लागणींपैकी २७ औषध उशिरा दिलेल्या गटात, लगेच दिलेल्या गटात फक्त एक. 'सायन्स'ने त्याला त्या वर्षातला सर्वात मोठा शोध ठरवलं. त्यात चेन्नई आणि पुणे ही भारतातली केंद्रं होती. म्हणजे आपल्याकडच्या जोडप्यांनी, आपल्याकडच्या नर्स आणि काउन्सेलरनी वर्षानुवर्षं फॉलोअप करून जगाची गाईडलाईन बदलायला हातभार लावला, पण सायटेशनमध्ये दिसतं 'कोहेन आणि इतर'. त्या 'इतर'मध्ये आपण आहोत.

तसंच पुण्यातल्या ससूनच्या बीजे मेडिकलचं. आईच्या दुधातून लागण होऊ नये म्हणून बाळांना सहा आठवडे नेव्हिरापीन हे औषध देण्याचा अभ्यास, इथिओपिया, भारत आणि युगांडा मिळून, २००८ ला 'लॅन्सेट'मध्ये. स्तनपान बंद करा म्हणणं सोपं असतं, आपल्या बायकांना वरचं दूध परवडतं का आणि पाणी स्वच्छ असतं का हा खरा प्रश्न, आणि तो प्रश्न असल्याच ठिकाणांहून येऊ शकतो.

भारतातल्या व्हायरसवर कमी संशोधन आहे हे खरंय का?

हो. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मुख्यतः सबटाईप सी (व्हायरसचा एक उपप्रकार) आहे, जगातल्या साधारण निम्म्या लागणी त्याच्याच. पण युरोप-अमेरिकेत सबटाईप बी जास्त, आणि लॅब तिकडे जास्त, म्हणून प्रयोगशाळेतलं बरंचसं जुनं काम बी वरचं. त्या कामाला सायटेशन्स जास्त, म्हणून पुढचं कामही त्याच्यावरच. हे चक्र आहे.

एच-इंडेक्स काय असतो?

२००५ मध्ये जॉर्ज हिर्श या फिजिक्सवाल्याने काढलेला आकडा. तुमचे २० पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान २० सायटेशन्स आहेत, तर तुमचा एच-इंडेक्स २०. वय वाढेल तसा वाढतो, कमी कधीच होत नाही. तरुण रेसिडेंटने याकडे बघू नये.

माझी सायटेशन्स गूगल स्कॉलरवर ४०, स्कोपसवर २२. खरं कुठलं?

दोन्ही. गूगल स्कॉलर थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलने तपासायच्या आधीच टाकलेले पेपर), पीडीएफ सगळं धरतं, स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ठरावीक जर्नल्सच धरतात. फॉर्ममध्ये लिहिताना आकडा कुठला आणि कोणत्या तारखेचा हे लिहा, भांडण मिटतं.

एचआयव्ही संशोधनात खोटेपणा झालाय का?

झालाय, आणि मोठा. अमेरिकेत आयोवा स्टेटमध्ये डाँग-प्यू हान नावाच्या शास्त्रज्ञाने सशांच्या रक्तात माणसाच्या अँटीबॉडी मिसळल्या आणि व्हॅक्सीन चालतंय असं भासवलं. दुसऱ्या लॅबला शंका आली आणि सगळं बाहेर पडलं, २०१५ मध्ये त्याला ५७ महिन्यांची कैद झाली. पेपरला सायटेशन्स आहेत म्हणून तो खरा, असं धरू नका. पबमेडवर (मेडिकल पेपर शोधायची फुकट वेबसाईट) पेपरच्या वर 'रिट्रॅक्टेड', म्हणजे मागे घेतलेला, असा शिक्का आहे का ते आधी बघायची सवय लावा, दहा सेकंद लागतात.

'प्रिय आदरणीय डॉक्टर, आठ दिवसांत छापतो' असा मेल आलाय. पेपर देऊ का?

देऊ नका. आठ दिवसांत कोणी तुमचा पेपर नीट वाचून तपासत नाही. प्रमोशनला पेपर लागतात हे मला माहितीये, डोक्यावर टांगती तलवार असते, पण माझ्यासमोर एका रेसिडेंटने स्वतःचे पैसे भरले आणि सहा महिन्यांनी ती वेबसाईटच गायब झाली. तिचं दोन वर्षांचं काम होतं, एआरटी सेंटरवर बसून गोळा केलेलं. जर्नल मेडलाईनमध्ये (निवडून घेतलेल्या मेडिकल जर्नल्सची यादी) आहे का ते बघा, संपादक मंडळातल्या दोघांना मेल टाकून विचारा की तुम्ही खरंच तिथे आहात का. आणि आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' १९१३ पासून चालू आहे, आधी तिथे प्रयत्न करा ना.

पेपर लॉक असतो, पैसे मागतात. काय करायचं?

आधी पबमेड सेंट्रल बघा. अमेरिकेच्या सरकारी पैशातून झालेलं एचआयव्हीचं संशोधन २००८ पासूनच्या नियमामुळे तिथे फुकट मिळतं, आणि एचआयव्हीत तो पैसा मोठा असल्यामुळे बरंच काही सापडतं. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आहे, तीस प्रकाशकांची साधारण तेरा हजार जर्नल्स, लायब्ररीत येऊन लॉगिन करून घ्या. नाहीच मिळालं तर लेखकाला दोन ओळींचा मेल टाका, बहुतेकजण आनंदाने पाठवतात.

अमेरिकेने पैसा थांबवला त्याचा परिणाम पेपरांवर होईल का?

होणारच. जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली गेली, त्यात पेपफार (परदेशातल्या एचआयव्ही उपचारांना पैसा देणारा अमेरिकेचा कार्यक्रम) होतं, आणि संशोधनाची अनुदानंही कापली गेली. पेपर हा शेवटचा टप्पा असतो, त्याआधी दोन-चार वर्षांचं काम असतं, म्हणून सायटेशनच्या आकड्यात हे उशिरा उमटेल. पण अर्ध्यावर बंद पडलेल्या अभ्यासातल्या माणसांना ते त्याच आठवड्यात कळलं, त्यांच्यासाठी दवाखान्याचं दार बंद झालं होतं. मला याचा राग येतो आणि तो लपवायचं कारण नाही.

माझ्या घरी एचआयव्ही असलेलं माणूस आहे. मी यातलं काय वाचू?

इम्पॅक्ट फॅक्टर विसरा. एकच गोष्ट वाचा, पार्टनर नावाचे दोन अभ्यास, २०१६ आणि २०१९ चे. शेकडो जोडपी, औषध चालू, व्हायरल लोड तपासणीत न दिसण्याइतका कमी, कंडोमशिवाय संबंध, आणि त्या माणसाकडून जोडीदाराला झालेली लागण शून्य. यालाच 'यू इक्वल्स यू' म्हणतात, व्हायरल लोड सापडत नाही तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. गोळ्या मात्र रोज, न चुकता, आणि व्हायरल लोड वेळेवर तपासून. एकत्र जेवण, एक ताट, एक बाथरूम याने तर कधीच काही होत नव्हतं.

मराठीत लिहिलेलं मोजतात का?

नाही मोजत. आमच्याकडच्या एका काउन्सेलर ताईंनी व्हायरल लोड म्हणजे काय हे दोन पानांत लिहिलंय, शेतातल्या तणाचं उदाहरण देऊन, की उपटलं नाही तर पीक खातं आणि एकदा उपटून चालत नाही. पेशंट ते घडी करून खिशात ठेवतात. त्याला सायटेशन शून्य. मी त्याच्या झेरॉक्स काढून काउंटरवर ठेवल्यात.

थिसिसला विषय सुचवाल का?

एआरटी सेंटरमध्ये जे पन्नाशीच्या पुढचे पेशंट आहेत त्यांचं बीपी, शुगर, किडनी आणि एकूण रोजच्या गोळ्यांची संख्या. नोंदी तिथे वर्षानुवर्षांच्या आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी हे फारसं कोणी बघत नाही, आणि विषय जगभर चालू आहे त्यामुळे संदर्भही भरपूर मिळतील. फक्त कार्यक्रमाचा डेटा वापरायचा तर नाकोची (केंद्र सरकारची एड्स नियंत्रण संस्था) परवानगी आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मंजुरी दोन्ही लागतात, म्हणून पहिल्या वर्षातच अर्ज टाका. आणि यायच्या आधी फोन करा, दुपारी दोन ते तीन मी जेवायला गेलेली असते.